बोरमाळ फाट्यावरचा चढ

देवाप्पाच्या हातात गाडी होती तोवर भुजबली अण्णांचं संध्याकाळचं जेवण कधी चुकलं नाही, असं निपाणीत लोक सांगत. अण्णा तंबाखूचे व्यापारी, जैन आणि नेमाचे पक्के. दिवस मावळला की अन्नाला शिवायचे नाहीत. दर मंगळवारी त्यांना बेळगाव गाठावं लागे, कारण परवान्याचा काही ना काही कागद तिथल्या कचेरीत अडकलेला असेच, आणि कचेरीतला साहेब पाचाच्या आत सही करील तर शपथ. तरीही देवाप्पा ती काळी ॲम्बेसेडर अशी पिटाळायचा की राजमतीवहिनी ताट वाढायला घेत तेव्हा सूर्य अजून हातभर वर असे.

गाडी पळवणं हा त्याचा दोष नव्हता, ती त्याची नोकरी होती. पुढे सावकाश चालवणं हीसुद्धा नोकरीच झाली. पण नोकरी कुठे संपली आणि मिजास कुठे सुरू झाली, हे त्याला कळलं नाही. माणसाला ते सहसा कळत नाहीच, आणि कळतं तेव्हा त्याचा उपयोग नसतो.

निपाणी सोडून तवंदीचा घाट ओलांडला की थोड्या अंतरावर रस्ता एका ओढ्यात उतरतो. लांबलचक उतार, तळाला दगडी मोरी आणि लगेच समोर तेवढाच चढ. मोरीपाशी डाव्या हाताला बोरमाळ गावाची वाट फुटते. तिथे एक चिंच आहे. त्या चिंचेखाली दर मंगळवारी सकाळी देवाप्पाची थोरली बहीण तानीबाई उभी असायची. बोरमाळ हे तिचं सासर. हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कधी लोणचं. आई लवकर गेली तेव्हा देवाप्पा सहा वर्षांचा होता, त्याला तिनंच वाढवलं होतं. तो पन्नाशीला आला तरी मंगळवारी त्याला बेळगावात खायला कोण घालणार, ही काळजी तिचीच.

उतारावरूनच अण्णांना ती दिसायची. "थांबीव रं, तुझी आक्का उभी हाय," ते म्हणायचे. गाडी थांबली की अण्णा पाय मोकळे करायला म्हणून मोरीच्या पलीकडे जायचे आणि ओढ्याकडे बघत उभे राहायचे. अण्णांच्या पायांना काही झालेलं नव्हतं. बहीणभावांना दोन शब्द बोलता यावेत म्हणून तो भला माणूस दर आठवड्याला पाय आखडल्याचं सोंग करायचा. पाच मिनिटं व्हायची, कधी सात. मग देवाप्पा पुढच्या गावापर्यंत ती सात मिनिटं भरून काढायचा.

असं सोळा वर्षं चाललं.

मग पेट्रोल महाग झालं. चौऱ्याहत्तर साल उजाडलं तेव्हा निपाणीतल्या दोघातिघा व्यापाऱ्यांनी गाड्या विकूनही टाकल्या होत्या. एका सकाळी अण्णांनी देवाप्पाला वखारीत बोलावलं. ते लोडाला टेकून बसले होते आणि बोलायला जड जात असल्यासारखे सुपारी कातरत होते.

"देवाप्पा, हे असंच चाललं तर गाडी इकावी लागंल. मला काय, मी एसटीनं जाईन. पर तुझं काय करू?"

देवाप्पाचं घर त्या गाडीवर उभं होतं. बायको जयाबाई, लग्नाला आलेली पोरगी नागू आणि त्याचे दुसऱ्या कशातही न चालणारे दोन हात. तो म्हणाला, "अण्णा, मला सा महिनं द्या. पेट्रोल निम्म्यावर आणतो."

निम्म्यावर काही येणार नव्हतं, पण माणूस घाबरला की मोठं बोलतो.

बेळगावात कॅम्पाच्या बाजूला मारुतीराव म्हणून लष्करातला निवृत्त ड्रायव्हर राहत असे. गाड्यांचं त्याला वेड होतं आणि शिकवायला माणूस मिळाला तर चहा तो पाजायचा. देवाप्पा कचेरीबाहेर गाडी लावून त्याच्याकडे जाऊ लागला.

"तू गाडी पायानं चालवतोस," मारुतीरावानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "डोळ्यानं चालव. समोर बैलगाडी हाय हे तुला फर्लांगभर आधी दिसतंय न्हवं? मग तिच्या बुडाला जाऊन ब्रेक कशाला मारतोस? आधीच पाय काढ. आणि पाय ठेवायचा तो असा, झोपलेल्या लेकराच्या अंगावर हात ठेवावा तसा."

मग त्याने टेबलावर रिकामा कप मांडला, बाटलीतून त्यात पेट्रोल ओतलं. अर्धा कप.

"भरधाव गाडी थांबवलीस आणि परत त्याच वेगाला आणलीस, की एवढं जातं. चढावर थांबलास तर याहून जास्त. उताराचा वेग म्हंजे देवानं फुकट दिलेलं पेट्रोल हाय. ते ब्रेकमधी घालवू नगंस."

देवाप्पाने तो कप नीट पाहून घेतला. पुढे कुठेही ब्रेकवर पाय जायचा झाला की त्याला तो कप दिसायचा.

सवयी बदलणं सोपं नव्हतं. वीस वर्षं पळवलेला पाय एकदम शहाणा होत नाही. पण देवाप्पा जिद्दीचा होता. तो साठाच्या वर काटा जाऊ देईना. सकाळी उगाच गाडी गरम करत बसेना. चाकांची हवा दर सोमवारी बघून घेई. डिकीत वर्षानुवर्षं पडलेले पोत्यांचे ढीग, दोरखंड, फुटका जॅक त्याने बाहेर काढले. उतार आला की गिअर काढून चावी फिरवायचा आणि इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचा, मग आत फक्त वारा आणि टायरांचा आवाज. अण्णा पहिल्यांदा दचकले. "काय बंद पडलं काय रं?"

"न्हाय अण्णा, फुकट चाललोय."

हे इंजिन बंद करणं मारुतीरावाने शिकवलेलं नव्हतं. उलट असला खेळ जिवावर बेतेल म्हणून त्याने दटावलं होतं. ते देवाप्पाचं स्वतःचं डोकं.

अण्णांना दिवस मावळायच्या आत घरी पोचणं आता जमेना. तेही त्यांनी मनावर घेतलं. राजमतीवहिनी डबा देऊ लागल्या आणि अण्णा चार वाजता कचेरीसमोर गाडीतच बसून गपचूप जेवू लागले. धनी आपल्यासाठी गाडीत बसून थंड डबा खातो आहे, हे देवाप्पाच्या मनाला लागत होतं. त्यामुळे तो आणखीच हट्टाला पेटला.

लिटरला आठ किलोमीटर देणारी गाडी तीन महिन्यांत दहा देऊ लागली. दिवाळीपर्यंत साडेदहा. वखारीत चार व्यापारी बसलेले असताना अण्णा म्हणाले, "आमचा देवाप्पा वाऱ्यावर गाडी चालवतोय." दुसऱ्यांचे ड्रायव्हर येऊन त्याला विचारू लागले. गाडी विकायची भाषा केव्हाच बंद झाली होती. भीती संपली होती. पण आता देवाप्पाला अकरा पाहिजे होते.

अकराच्या आड उभा होता बोरमाळचा फाटा.

सगळ्या रस्त्यात त्याच्यासारखी वाईट जागा नव्हती. उतारावर कमावलेला सगळा वेग नेमका तळाला, मोरीपाशी टाकून द्यायचा आणि मग पहिल्या गिअरात रडतरखडत तो चढ चढायचा. न थांबता सोडलं तर गाडी इंजिन बंद असतानाच निम्मा चढ चढून जायची, हे त्याने एकदा तानीबाई आली नव्हती तेव्हा करून बघितलं होतं. त्या दिवशी तो बेळगावपर्यंत खुशीत होता. बहीण आली नाही याची खुशी, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. पण झालं होतं तेच.

पुढच्या मंगळवारी त्याने तोड काढली. मोरीजवळ वेग थोडा कमी करून गाडी बाजूला घेतली, थांबवली मात्र नाही. खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडला, "आक्का, दे हातात." तानीबाई गोंधळली, दोन पावलं धावली आणि गाठोडं त्याच्या हातात कोंबलं. गाडी चढाला लागली.

"अरं, थांबायचं तरी," मागून अण्णा म्हणाले.

"चढ हाय अण्णा. पेट्रोल लई जातंय."

अण्णा परत मागे टेकून बसले. काटकसर त्यांच्याच शब्दावरून सुरू झाली होती, आता कुठल्या तोंडाने मोडता घालणार?

तानीबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला गाडी म्हणजे गाडी. बैलाला चढ लागतो हे तिला कळत होतं, पण लोखंडाला लागतो हे तिला कुणी सांगायचं? देवाप्पाने सांगितलं नाही. सांगण्यासाठी थांबावं लागलं असतं.

आता इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. देवाप्पाची नागू आणि तानीबाईचा भरमा यांचं लग्न होणार, हे दोन्ही घरांत न बोलता ठरल्यासारखं होतं. मामाची पोरगी, आत्याचा पोरगा. नागू सुट्टीत बोरमाळला जायची तेव्हा भरमा तिला बैलगाडीत बसवून ओढ्यापर्यंत न्यायचा. मोठी झाल्यावर ती जायची बंद झाली, पण आत्तीच्या घरचा विषय निघाला की ती हातातलं काम सोडून ऐकत बसायची. जयाबाईने ते कधीच ओळखलं होतं.

"तुमीच इचारा की आक्कास्नी," ती देवाप्पाला म्हणायची.

"पोरीच्या बापानं आपनहून पोरगी पुढं करायची? आमच्यात तशी रीत न्हाय. आक्का मागंल. तिनं मागितली की मी व्हय म्हनतो, काय लांब हाय?"

आणि मागायची त्यांच्या घरची रीत अशी होती की पहिला शब्द बहिणीने भावाच्या कानावर घालायचा, घराबाहेर, तिसरं माणूस जवळ नसताना. भावाने मान हलवली तरच नारळ आणि खण घेऊन घरी जायचं. भावाच्या मनात नसलं तर गोष्ट तिथल्या तिथे विरून जाते, उंबरा चढून नकार ऐकायची पाळी येत नाही आणि माहेर तुटत नाही. रीत शहाणीच होती. रीत घालणाऱ्यांनी न थांबणाऱ्या गाडीचा विचार तेवढा केला नव्हता.

पंचाहत्तरच्या माघात भरमाला गडहिंग्लजकडचं एक स्थळ सांगून आलं. तानीबाईच्या नवऱ्याच्या, मष्णूच्या, भाऊबंदांनी आणलेलं. तानीबाई नवऱ्याला म्हणाली, "आधी मी देवाप्पाला इचारतो. त्याची पोरगी हाय." मष्णू म्हणाला, "इचार. पर लोक थांबायचं न्हाईत. म्हैनाभरात काय ते सांग."

महिन्यात मंगळवार चार.

पहिल्या मंगळवारी गाठोडं देताना ती गाडीबरोबर पळत म्हणाली, "देवा, जरा थांब, बोलायचं हाय." देवाप्पा म्हणाला, "म्होरल्या बारीला, आक्का," आणि काटा किती खाली आला ते बघत चढाला लागला. परतताना ती नव्हती. संध्याकाळी तिच्या म्हशींची धार असे.

दुसऱ्या मंगळवारी तिने खिडकीची कड धरली आणि पाच-सात पावलं पळत आली. पळता पळता तिने मागच्या सीटवर बसलेल्या अण्णांकडे बघितलं आणि पदर सावरून हात सोडून दिला. परक्या पुरुषासमोर, धावता धावता, पोरगी कशी मागायची?

तिसऱ्या मंगळवारी ती ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. चिंचेच्या बुंध्याशी भरमा उभा होता, नवा सदरा घालून. देवाप्पाला वाटलं, इकडे कुठे लग्नकार्य असेल. त्याने भरमाला हात केला. अण्णा पुढे वाकून म्हणाले, "देवाप्पा, आज थांब. तिला काय तरी सांगायचं दिसतंय."

"काय न्हाय अण्णा, भाकरी घेऊन उभी हाय झालं. ह्या खेपंला अकरा होतील बघा, आता मोडाय नको," म्हणत त्याने चालत्या गाडीतूनच गाठोडं ओढून घेतलं.

त्या खेपेला खरंच अकरा झाले. त्याने मारुतीरावाला जाऊन सांगितलं, आणि मारुतीरावाने त्याला बटाटेवडा खिलवला. तो वडा देवाप्पाला जन्मभर आठवत राहिला, कारण त्याच दिवशी त्याने आक्काची भाकरी उघडलीच नव्हती. ती संध्याकाळी तशीच घरी आली आणि नागूने खाल्ली.

चौथ्या मंगळवारी तानीबाई पुढे आली नाही. चिंचेखाली गाठोडं घेऊन उभी राहिली. देवाप्पाने हात बाहेर काढला, तरी ती जागची हलली नाही. गाडी तिच्यासमोरून गेली. आरशात त्याला ती दिसली, गाठोडं पोटाशी धरलेली, मान थोडी खाली. आरशाला काही विचारता येत नाही. इंजिन बंद होतं, त्यामुळे गाडीत इतकी शांतता होती की ती हाक मारती तर ऐकू आली असती.

पाचव्या मंगळवारी फाट्यावर कुणी नव्हतं. पुढच्याही. देवाप्पाला वाटलं, सुगी आहे, कामात असेल. आणि खरं सांगायचं तर त्याला हलकंसुद्धा वाटलं. आता मोरीपाशी बाजूला घ्यायचीही गरज उरली नाही. साडेअकरा झाले.

वैशाखात बोरमाळहून मष्णूचा पुतण्या सांगावा घेऊन आला. भरमाचं लग्न गडहिंग्लजच्या पोरीशी ठरलं होतं आणि मामाने चार दिवस आधी यावं.

जयाबाई चुलीपाशी होती, ती तिथेच बसली. नागू परड्यात कपडे वाळत घालत होती. तिने ऐकलं. तिने हातातलं धुणं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग पिळून झालेलंच परत पिळायला घेतलं. देवाप्पाला ते दिसत होतं.

"मागितली न्हाई," तो म्हणाला. "माझी पोरगी मागितलीसुद्धा न्हाई. एवढी काय कमी हुती माझ्यात?"

मामा म्हणून तो लग्नाला गेला, पण चार दिवस आधी नाही, आदल्या रात्री. मामाचा फेटा तानीबाईने त्याच्या हातात दिला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं नाही आणि त्यानेही पाहिलं नाही. तिला वाटत होतं, नकार देऊन वर हा तोऱ्यात आलाय. त्याला वाटत होतं, डावलून वर ही तोऱ्यात आहे. दोघांनीही जेवण अर्धं ठेवलं. माणसं मूर्ख असतात म्हणावं, तर ती दोघं मूर्ख नव्हती. शहाण्या माणसांचा राग फक्त जास्त टिकतो.

त्याच रागात देवाप्पाने नागूसाठी दिसेल ते स्थळ धरलं. लोंढ्याला रेल्वेत नोकरी असलेला एक मुलगा होता. सरकारी नोकरी, पक्की चाळ. नागूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." ही होकाराची भाषा नव्हे, हे बापाला कळत होतं. पण बहिणीला दाखवून द्यायचं होतं ना.

जावई दारू प्यायचा. पहिल्या वर्षी ते कळलं, दुसऱ्या वर्षी सगळ्या चाळीला कळलं. चौथ्या पावसाळ्यात नागू पत्र्याची ट्रंक घेऊन निपाणीला उतरली. मूल नव्हतं. एका कानाने तिला कमी ऐकू येत होतं. कशाने, ते तिने सांगितलं नाही आणि देवाप्पाने विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही. थोड्या दिवसांनी ती इतर बायकांबरोबर वखारीत तंबाखू चाळायला जाऊ लागली. संध्याकाळी डोक्याचं फडकं सोडून झटकायची तेव्हा सगळं परडं खोकायचं.

अण्णा गेले एक्क्याऐंशीत. त्यांच्या मुलाने वर्षाच्या आत ॲम्बेसेडर विकली. अकराचं कौतुक नव्या माणसांना नव्हतं. कोल्हापूरचा कुणीसा घेऊन गेला, जाताना निपाणीच्या वेशीवरच त्याने गाडी अशी दामटली की देवाप्पाने मान फिरवली.

पंच्याऐंशी साली बोरमाळहून भरमा स्वतः आला. कानशिलावर केस पिकले होते. मष्णूदाजी वारले होते. "आई म्हनाली, मामाला सांगून ये," एवढंच तो बोलला. परत जाताना दारात नागू समोर आली. त्याने वाकून चप्पल शोधली, बराच वेळ शोधली. ती म्हणाली, "बरं हाय न्हवं?" तो म्हणाला, "हाय."

दिवसकार्याला देवाप्पा एसटीने गेला. "बोरमाळ फाटा," असं त्याने कंडक्टरला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज उगाच खाली गेला. एसटी भरलेली होती, टपावर बोचकी होती. उतार संपला आणि तळाला, मोरीपाशी, ड्रायव्हरने एका म्हाताऱ्यासाठी ती सगळी गाडी थांबवली. देवाप्पा उतरला. घंटी झाली, आणि एसटी पहिल्या गिअरात धूर सोडत, कण्हत चढाला लागली. ड्रायव्हर कुरकुरला नव्हता. तो तंबाखू मळत बसला होता. देवाप्पा ती पार वर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

विधी आटोपले, माणसं पांगली. दुपारी तानीबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. सुनेने दोघांपुढे चहा ठेवला आणि ती आत गेली. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती दोघं अशी, तिसरं माणूस नसताना, बसली होती.

"नागू कशी हाय?" तिने विचारलं.

"हाय. वखारीत जातीया."

"ऐकलं मी." तिने पदर सारखा केला. "देवा, आता ह्यांच्यामागं मला कुनाची भीड न्हाय. एक इचारतो. तुला माझ्यात पोरगी द्यायची नव्हती, तर तसं तोंडानं सांगायचं हुतंस. मी भैन हाय तुझी. चार मंगळवार त्या चिंचंखाली येऊन उभी ऱ्हायलो. पोराला नवा सदरा घालून आनलं. तू गाडी थांबीवलीसुद्धा न्हाईस."

देवाप्पाच्या हातात कप होता. तो त्याने खाली ठेवला.

"आक्का, तू मागणार हुतीस?"

"मग काय भाकरीसाठी पळत हुतो गाडीमागं?"

बाहेर कुणीतरी मांडवाचे बांबू सोडत होतं. मग जे त्याने दहा वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगायला हवं होतं, ते त्याने सांगितलं: पेट्रोल, अण्णांची गाडी विकायची भाषा, उतार, चढ, आठाचे अकरा. सांगताना त्याला स्वतःलाच ते इतकं बारीक वाटू लागलं की शेवटी शेवटी शब्द तोंडातच राहिले.

तानीबाई ऐकत होती. तिला राग आला नाही. राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"पेट्रोल," ती म्हणाली. "एका थांब्याला किती जायचं रं?"

याचं उत्तर देवाप्पाला पाठ होतं. त्याच्या पुढ्यातला चहा निम्मा संपलेला होता. त्याने त्या कपाकडे बोट केलं.

"एवढं."

तिने कपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जमिनीवर हात टेकून सरळ बसली आणि लहानपणी त्याला समजावायची त्याच आवाजात म्हणाली, "मग मला सांगायचं न्हाईस व्हय रं, खुळ्या. मी चढ चढून वर येऊन उभी ऱ्हायलो असतो."

देवाप्पाला रडू फुटलं. साठीचा माणूस पटका तोंडाला लावून रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी तो फाट्यावर आला. निपाणीची गाडी यायला वेळ होता. चिंचेखाली उभं राहवेना. त्याने विडी पेटवली आणि मोरी ओलांडून चढ चढू लागला. गुडघे दुखत होते, म्हणून सावकाश, दोनदा थांबत. माथ्यावर पोचला तेव्हा रस्ता सपाट झाला होता. कडेला गाडी उभी करायला चांगली मोकळी जागा होती, आणि एका बाजूला बसायला दगडही होता. एवढी वर्षं तो इथून गेला, पण ही जागा त्याने कधी पाहिली नव्हती. इथवर येईतो त्याचं लक्ष काट्यावर असायचं.

विडी अजून संपली नव्हती.

तो त्या दगडावर बसून राहिला. गाडी आली की त्याला घरी जायचं होतं, आणि घरी फडकं झटकता झटकता नागू विचारणार होती, आत्ती काय म्हणाली.